उतारी तुझीच होती ना?

गेल्या दिवाळीत आई-बाबा आमच्याकडे पुण्याला आले होते. भाऊबीज झाली, फराळाचे डबे अर्धे रिकामे झाले, आणि आला शनिवार. आमचा पोकरचा अड्डा महिन्यातून दोनदा शनिवारी रात्री बसतो. पाच-सहा जण, सगळे या ना त्या आयटी कंपनीतले. त्या दिवशी पाळी माझ्या घरी होती. "बाबा, तुम्ही झोपा, आम्ही जरा गडबड करू" असं म्हणून पाहिलं. पण पत्ते पिसल्याचा आवाज आल्यावर बाबा झोपणार थोडेच! खुर्ची ओढून माझ्या मागे येऊन बसले.

(आधीच सांगून टाकतो, आम्ही पैसे लावून खेळत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला, त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्याकडे फक्त प्लॅस्टिकच्या चिप्स असतात. ज्याच्या चिप्स सगळ्यात आधी संपतील त्याने रात्रीची सगळी भांडी घासायची, एवढाच जुगार. आमच्यातल्या एकाला ती पावभाजीची कढई घासताना पाहिलंत तर हा जुगार किती गंभीर आहे ते कळेल.)

बाबा मेंढीकोटवाले. एस.टी.तली पस्तीस वर्षांची नोकरी आणि डेपोच्या विश्रांतीगृहातला पस्तीस वर्षांचा मेंढीकोट. पोकर त्यांनी कधी खेळलेला नाही. तासभर काही न बोलता बघत होते. मग एक डाव संपला आणि त्यांनी विचारलं, "उतारी तुझीच होती ना? मग पहिलं तूच का नाही टाकलंस?"

मी हसून म्हटलं, "बाबा, पोकरमध्ये तसं नसतं. आधी ज्याने बेट लावलेली असते त्याच्याकडे चेक करायचं असतं."

"असं कुठे लिहिलंय?"

आता बोला! कुठेच लिहिलेलं नाही. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात घोळतोय, आणि आज त्यावर लिहायला बसलोय.

तो डाव असा होता. जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी दोन ओळींत खेळ सांगतो. टेक्सास होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पानं बंद मिळतात. मग टेबलावर सगळ्यांसाठी सामायिक पाच पानं उघडतात : आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचं एक (रिव्हर). दर टप्प्यावर बेटिंग. आपल्या दोन आणि टेबलावरच्या पाच अशा सात पानांतून ज्याचा पाच पानांचा हात भारी, त्याचा पॉट. एवढंच.

माझ्याकडे बदामाची नव्वी-अठ्ठी. मी बिग ब्लाइंडला, म्हणजे सक्तीचे २० आधीच भरलेले आणि फ्लॉपनंतर बोलायची पहिली पाळी माझी. आमचा डीबीए मित्र डीलरच्या जागेवर, म्हणजे सगळ्यात शेवटी बोलणारा. त्याने ६० केले, बाकीचे उठले, मी कॉल केलं. छोट्या ब्लाइंडचे १० धरून पॉट १३०.

फ्लॉप : चौकट राजा, इस्पिक सत्ती, किलवर छक्की. मी चेक. त्याने ७० लावले, मी भरले. पॉट २७०. टर्न : बदाम दुर्री. मी चेक, त्याचे १५०, मी भरले. पॉट ५७०. आणि रिव्हरला आली इस्पिक पंजी. पंजी-छक्की-सत्ती-अठ्ठी-नव्वी! त्या टेबलावर याच्याहून मोठा हात होऊच शकत नव्हता. कलरची शक्यता नाही, पेअर पडलेली नाही. पोटात फुलपाखरं.

आणि मी काय केलं? चेक. त्याने आत्तापर्यंत दोनदा बेट लावली, तिसऱ्यांदाही लावेल, मग मी रेझ करून त्याला पकडेन, असा माझा बेत. त्याने पंजीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि टेबलावर दोन बोटं आपटली. चेक. एक्का-राजा उघडला. ५७० मी घेतले खरे, पण शेवटच्या पानावर एक चिपही वर मिळाली नाही. वर तो हसत म्हणाला, "तीनशे-चारशे लावले असतेस तर मी भरलेच असते."

पोकरच्या भाषेत, आधीच्या फेरीत आपण नुसतं कॉल केलेलं असताना पुढच्या फेरीत आपणच पुढे होऊन बेट लावणं याला 'डॉन्क बेट' म्हणतात. डॉन्क म्हणजे डाँकी, म्हणजे गाढव! नावातच निकाल लागलाय. गाढवंच असं करतात, शहाणे लोक चेक करून थांबतात, असा समज. आम्ही सगळे हे यूट्यूबवरून शिकलो आणि घोकून ठेवलं. माझं म्हणणं असं की निदान रिव्हरवर तरी हा समज आपल्याला महाग पडतो. शेवटच्या पत्त्यावरची उतारी ही गाढवपणाची खेळी नाही, ती कारणाशिवाय करणं हा गाढवपणा आहे. आणि कारणाशिवाय चेक करणं हाही तितकाच.

आधी माझ्याच डावाचा हिशोब करू. टर्नवर मी १५० भरले तेव्हा पॉटमध्ये ४२० होते. मला सिक्वेन्स पुरी करायला चार पंज्या किंवा चार दश्श्या, अशी आठ पानं उपयोगी. न दिसलेली पानं ४६. म्हणजे ४६ पैकी ८ वेळा मी जिंकणार, ३८ वेळा १५० घालवणार. ३८ गुणिले १५० म्हणजे ५,७००. हे आठ वेळांत वसूल करायचे तर दर वेळी सुमारे ७१२ हवेत. पॉटमध्ये होते ४२०. म्हणजे पान आल्यावर रिव्हरला सरासरी अजून २९० तरी मिळाले, तरच टर्नवरचा माझा कॉल ना नफा ना तोटा!

हे बघून मी उडालोच. टर्नवर मी एक प्रकारे उधारीवर खेळलो होतो, आणि वसुलीची वेळ आली तेव्हा तोंड मिटून बसलो. समोरच्याने आपण होऊन पैसे द्यावेत म्हणून वाट बघत बसलो.

"पण चेक-रेझमध्ये जास्त मिळतात ना?" बरोबर, मिळाले तर जास्त मिळतात. धरून चालू की मी ४०० लावले असते तर तो दहापैकी सात वेळा भरतो. सरासरी २८०. आता चेक करून बघू. तो दहापैकी तीनदा ४०० लावतो, मी १,२०० करतो, आणि त्यातल्या निम्म्या वेळा तो भरतो. तीन वेळचे चारशे म्हणजे १,२००, आणि दीड वेळेचे वरचे आठशे म्हणजे आणखी १,२००. एकूण २,४००, सरासरी २४०. म्हणजे चेक-रेझचा बेत फायद्याचा ठरायला त्याने किमान ३५ टक्के वेळा स्वतःहून बेट लावायला हवी. (आकडे माझे आहेत, तुमच्या मित्राला तुमचे लावा. गणिताची रीत तीच.)

मग खरा प्रश्न असा की या पानावर तो बेट लावेल का? राजा-सत्ती-छक्की-दुर्री-पंजी असं टेबल बघून एक्का-राजावाला माणूस काय विचार करेल? पंजीने कोणाचं भलं झालं? बिग ब्लाइंडमधून नव्वी-अठ्ठी, अठ्ठी-चौकी, सत्ती-पंजी असली भुक्कड पानं कोण खेळतं? मी! कारण माझे २० आधीच गेलेले असतात, थोडेच अजून भरायचे असतात. मोठी पानं त्याच्याकडे, बारीक पानं माझ्याकडे. राजा पडला तेव्हा टेबल त्याचं होतं, पंजी पडल्यावर माझं झालं. हे त्यालाही दिसतं. म्हणून तो थांबतो. टेबल बदललं आणि मी मात्र अजून "राजाचं टेबल आहे, त्याच्याकडे चेक करू" यातच अडकलेलो.

तर पहिला नियम : शेवटचं पान तुमच्या बाजूचं असेल आणि त्यामुळे समोरचा गप्प बसणार असेल, तर आपणच बोलायचं.

आता दुसरी गोष्ट जरा गंमतीशीर आहे. पोकरमध्ये एक सोपा नियम शिकवतात की रिव्हरवर व्हॅल्यूसाठी बेट तेव्हाच लावा, जेव्हा कॉल आल्यावर निम्म्याहून जास्त वेळा आपण पुढे असू. शेवटी बोलणाऱ्यासाठी हे ठीकच आहे, कारण तो चेक करून डाव तिथेच संपवू शकतो. पहिल्यांदा बोलणाऱ्याला ती सोयच नाही. त्याने चेक केलं तर डाव संपत नाही, चेंडू समोर जातो.

समजा पॉट ६००, माझ्याकडे मध्यम हात. राजाची पेअर आणि जोडीला गुलाम, असं काहीतरी. समोरच्याचे दहा संभाव्य हात धरू : चार माझ्याहून भारी, पाच हलके पण दाखवण्याजोगे, एक निव्वळ थाप. मी चेक केलं तर चार भारी हात ४०० लावतील, थापवालाही ४०० लावेल, पाच हलके गप्प चेक करतील.

मी चेक करून दर वेळी भरलं तर चार वेळा ४०० गेले, एकदा ४०० आले. दहा डावांत १,२०० चा तोटा. चेक करून दर वेळी पत्ते टाकले तर थापवाल्याने एकदा माझा ६०० चा पॉट पळवला. तोटा ६००. आता मीच पुढे होऊन छोटीशी १५० ची बेट लावली तर? चार भारी हातांपुढे १५० प्रमाणे ६०० गेले (कोणी रेझ केलं तर मी पत्ते टाकतो, म्हणजे तरी १५०च). पाच हलक्यांपैकी तिघांनी "एवढ्यात काय" म्हणून भरले, ४५० आले. थापवाला पळाला. तोटा फक्त १५०.

बघा, मला कॉल किंवा रेझ मिळाल्यावर मी सातपैकी चार वेळा हरतोय, तरीही बेट लावणंच सगळ्यात स्वस्त पडतंय! कारण किती बेट लागणार हे मी ठरवलं, त्याने नाही. याला ब्लॉकिंग बेट म्हणतात. स्टँड-अप मीटिंगमध्ये मॅनेजरने "हे कधी होईल?" विचारायच्या आधी आपणच "बुधवारपर्यंत" म्हणून टाकतो ना, तसलाच प्रकार. नाहीतर तो "सोमवारी" म्हणेल!

यात एक धोका आहे. मध्यम हाताला नेहमी छोटी बेट आणि भारी हाताला नेहमी मोठी बेट असं करत राहिलात, तर समोरचा महिन्याभरात ओळखतो. मग तो तुमच्या छोट्या बेटवर थाप मारून रेझ करतो आणि तुम्ही पत्ते टाकता. उपाय एकच, मधूनमधून त्याच छोट्या बेटमागे भारी हात ठेवायचा.

थापेचंही तसंच. ६०० च्या पॉटमध्ये ३०० ची थाप मारली तर ९०० पैकी ३०० चा धोका, म्हणजे तीनातून एकदा तो पळाला तरी बरोबरी. त्याच्या बाजूने बघितलं तर ९०० जिंकायला ३०० भरायचे, म्हणजे चारातून एकदा तो बरोबर ठरला तरी त्याला परवडतं. म्हणून या मापाच्या चार बेटांत तीन खऱ्या आणि एक थाप, हे प्रमाण साधारण जमतं. पण थापेलाही कथानक लागतं. पंजी पडल्यावर माझ्या बेटवर विश्वास बसेल. तिथे राणी पडली असती आणि मी अचानक उठून ४०० लावले असते, तर डीबीएने चहाचा घोट घेत कॉल केलं असतं.

हे सगळं माझ्यासारख्या शनिवारच्या खेळाडूने सांगायचं आणि तुम्ही ऐकायचं, असं नको. २०१९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या नोआम ब्राउन आणि टुओमास सँडहोम यांनी फेसबुकबरोबर बनवलेल्या 'प्लुरिबस' या प्रोग्रामने सहा जणांच्या नो-लिमिट होल्डेममध्ये व्यावसायिक खेळाडूंना हरवलं. बारा दिवसांत दहा हजार डाव. तो शिकला कसा? माणसांचे डाव बघून नाही, स्वतःच्याच प्रतींशी खेळून. ६४ कोअरच्या एका सर्व्हरवर आठ दिवस, जीपीयू नाही, आणि क्लाउडच्या भावाने खर्च दीडशे डॉलरच्या आत. (आमच्या प्रोजेक्टचं टेस्ट एन्व्हायर्नमेंट यापेक्षा जास्त खातं. असो.)

'सायन्स' मधल्या त्यांच्या निबंधात एक छोटा उल्लेख आहे जो मला फार आवडतो. डॉन्क बेट ही चूक आहे हा लोकांचा समज प्लुरिबसला मान्य नाही, आणि तो व्यावसायिक माणसांपेक्षा कितीतरी जास्त वेळा ती लावतो. हे फक्त रिव्हरबद्दल नाही, एकूणच सगळ्या फेऱ्यांबद्दल आहे. पण मुद्दा कळतो. ज्याला कोणी "असं करायचं नसतं" म्हणून शिकवलंच नव्हतं, तो पाळी आली की कारण बघून बोलायचा. 'गाढव' हा शब्द त्याच्या डिक्शनरीतच नव्हता.

आता नाण्याची दुसरी बाजू. दर वेळी उतारी टाकत सुटायचं का? मुळीच नाही. शेवटचं पान फालतू असेल, समोरच्याने आधी दोनदा जोरात बेट लावलेली असेल, आणि टेबलावर कलर किंवा सिक्वेन्सची स्वप्नं अर्धवट राहिलेली असतील, तर त्याच्याकडे थापा भरपूर असणार. आपल्याकडे एक पेअर असेल तर मोठी बेट लावून काय मिळणार? थापवाले पळतील, भारी हात भरतील. इथे चेक करून त्याला थाप मारू द्यावी. फक्त मग त्याने मारल्यावर कॉल करायची छाती हवी.

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण २००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत घडलं. ८३९ खेळाडूंमधून शेवटी दोघे उरलेले. एक ख्रिस मनीमेकर, टेनेसीचा अकाउंटंट, ऑनलाइन पात्रता फेरीतून आलेला. दुसरा सॅमी फारहा, मुरलेला व्यावसायिक. टेबलावर इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की, इस्पिक अठ्ठी, आणि रिव्हरला बदाम तिर्री. फालतू पान. फारहाकडे राणी-नव्वी, म्हणजे टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या पानाची पेअर. पहिली पाळी त्याची. त्याने चेक केलं. मनीमेकरकडे राजा-सत्ती, कलरही हुकला, सिक्वेन्सही हुकली, हातात काहीच नाही. त्याने सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. फारहाने बराच विचार केला आणि पत्ते टाकले. मनीमेकर पुढे स्पर्धा जिंकला, पंचवीस लाख डॉलर घेऊन गेला, आणि त्याला बघून जगभरचे अकाउंटंट (आणि इंजिनियर) पोकर शिकायला बसले.

माझ्या मते फारहाचा चेक चुकीचा नव्हता. चेकनंतरचा फोल्ड महाग पडला. थाप यावी म्हणून दार उघडं ठेवलं आणि थाप आल्यावर आपणच दार सोडून गेला. टीव्हीवर दोघांचे पत्ते दिसत असताना हे म्हणणं सोपं आहे, मान्य. पण त्यातून दिसतं ते हे की चेक म्हणजे सुरक्षित जागा नव्हे. चेक केल्याने निर्णय टळत नाही, तो फक्त पुढे जातो, आणि बहुतेक वेळा जास्त अवघड होऊन परत येतो.

माझा डाव आठवताना मला स्वतःबद्दल एक गोष्ट लक्षात आली, ती सांगतो. दोन वर्षांपूर्वी एक मोठं रिलीज आमच्या टीमने वेळेत पार पाडलं. माझ्या खिशात दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर होतं. अप्रेझलच्या मीटिंगला मी ठरवून गेलो होतो की मॅनेजर आकडा सांगेल, मग मी ते लेटर काढेन. पक्का चेक-रेझ! तो इकडचं-तिकडचं बोलला, टीमचं कौतुक केलं, आणि शेवटी विचारलं, "आणखी काही?" मी म्हटलं, "नाही, सगळं ठीक." त्यानेही लॅपटॉप मिटला. आकडा ईमेलने आला, जेमतेम महागाईएवढा. तोपर्यंत ऑफरची मुदतही संपली होती. घरी येऊन मी आठवडाभर कंपनीला शिव्या घातल्या. पण खरं सांगायचं तर बोलायची पाळी माझी होती आणि मी चेक केलं होतं. समोरच्याने बेट लावायला हवी होती असा काही नियम नाही.

ऑफिसात निदान पुढच्या वर्षी पुन्हा पाळी येते. पोकरमध्ये रिव्हरनंतर पान नाही. म्हणूनच तिथे सवयीने केलेला चेक जास्त बोचतो.

म्हणून हल्ली रिव्हरला पाळी आली की मी मनात तीन प्रश्न विचारतो. हे पान कोणाचं? मी चेक केलं तर हा बेट लावेल का, आणि कोणत्या हातांनी? आणि त्याने लावलीच तर मी काय करणार? तिसऱ्याचं उत्तर "बघू" असेल तर चेक करायचा नाही, आधी उत्तर शोधायचं.

याचा निकाल? परवाच्या शनिवारी राजा-गुलाम हातात होते, टेबलावर राजा होता. मी रिव्हरला मोठ्या ऐटीत १५० ची छोटी बेट लावली. डीबीएने पाचशे केले. मी हिशोब केला, पत्ते टाकले. त्याने हसत हसत राणी-दश्शी उघडून दाखवली. काहीही नव्हतं त्याच्याकडे! त्यानंतर माझ्या चिप्स काही सावरल्या नाहीत आणि भांडी मीच घासली.

रविवारी बाबांचा फोन आला. म्हणाले, "काय रे, उतारी टाकलीस का?"

"टाकली बाबा. पण हरलो."

"मग पुढच्या वेळी हुकूम ठेवून टाक."

त्यांना पोकर येत नाही, पण सल्ला बरोबर आहे. पुढच्या वेळी नव्वी-अठ्ठीसारखा हात लागला की मी तशीच १५० ची मरतुकडी बेट लावणार आहे. आमचा डीबीए हे वाचत असेल तर त्याने हा परिच्छेद कृपया विसरून जावा.